साठच्या स्पीडला थरथर, ऑइल बदललं की बरी, तीन महिन्यांनी पुन्हा तेच: जुन्या ऑटोमॅटिकचं दुखणं

आधी लक्षण सांगतो, तुमच्या गाडीचं हेच असेल तर पुढे वाचा नाहीतर उगाच वेळ घालवू नका. गाडी २००८ ची पेट्रोल सेदान, चार गिअरची, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. बाबांनी गुडघ्यांमुळे घेतलेली, आता माझ्याकडे, १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतली म्हणजे अजून पाच वर्षं तरी चालवायचीच आहे. त्रास असा की ५५ ते ६५ च्या मध्ये, टॉप गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता ठेवलेला, रस्ता सपाट, आणि मधेच गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, अगदी रंबलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी, आणि खाली बघावं तर पट्ट्या कुठेच नाहीत. सकाळी मालाडहून निघताना काही नाही. बीकेसीहून परत येताना तासभर हायवेवर रांगलो की हमखास. आणि दुसरं, सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकली की दीड-दोन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन गिअर लागतो.

पहिली चूक माझीच. मी थरथर ऐकून प्लग बदलले. मग एक कॉइल. मग इंजिन माउंटिंग. पैसे गेले, थरथर तिथेच. हे सगळं करण्याआधी पाच मिनिटांची एक टेस्ट आहे, ती कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो. रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, साठला गाडी स्थिर धरायची आणि थरथर सुरू झाली की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लागेल इतका नाही, मागचा लाइट पेटेल एवढाच. (डाव्या पायाची सवय नसते, तो क्लच समजून दणकन दाबतो, म्हणून आधी सोसायटीच्या आवारात हळू स्पीडला करून बघा.) त्या स्विचमुळे कन्व्हर्टरचा लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी गायब झाली तर दुखणं लॉक-अपचं, म्हणजे गिअरबॉक्सचं. तशीच चालू राहिली तर मिसफायर, टायर, माउंटिंग वगैरे बघा. ओडी ऑफचं (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉप गिअर बंद करणारं) बटण असेल तर ते दाबूनही अंदाज येतो. माझ्या गाडीत पेडलला पाय लागला रे लागला की शांत.

लॉक-अप म्हणजे काय ते थोडक्यात. कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नुसतं ऑइल असतं, एका पंख्याने ढकललेलं ऑइल दुसऱ्या पंख्याला फिरवतं, त्यात थोडी घसर राहतेच आणि त्या घसरीची उष्णता होते. ती वाचवायला स्थिर स्पीडला आतला एक क्लच दोघांना घट्ट जोडतो. हा क्लच ऑइलात बुडालेला असतो आणि तो गुळगुळीत बसावा म्हणून ऑइलात घर्षण सांभाळणारी द्रव्यं घातलेली असतात. ऑइल जुनं झालं, जळलं की ती द्रव्यं आधी संपतात, मग क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, तीच ती थरथर. म्हणजे ऑइल बदललं की बरं वाटणारच. प्रश्न हा की परत का होतं, आणि माझ्याकडे ते दोनदा झालं.

पहिल्यांदा ऑइल बदललं २०२३ च्या दिवाळीच्या आसपास, १,०४,००० किलोमीटरला. तोपर्यंत कुणी हातच लावला नव्हता कारण बाबांना कुणीतरी सांगून ठेवलेलं, साहेब हे लाइफटाइम ऑइल आहे, उघडूच नका. लाइफटाइम म्हणजे कुणाचा लाइफटाइम ते विचारायचं राहिलं. मॅन्युअल काढून बघा, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर’ वापराचा वेगळा तक्ता असतो आणि त्यात गर्दीतलं थांबत-थांबत चालवणं, उष्ण हवा, घाट असं काय काय लिहिलेलं असतं. मुंबईतली कुठलीही गाडी जन्मापासून सिव्हिअरच. मी आता दर ४०,००० किलोमीटरला बदलणार, कुणी काही म्हणो.

तर घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने ड्रेन नट खोलून निघालं तेवढं काढलं, डब्यातलं कुठलं तरी ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लाल ऑइल ओतलं, इंजिन बंद ठेवून गेज (ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी) बघितलं आणि म्हणाला झालं. महाशिवरात्रीच्या आधीच थरथर परत. आणि सकाळचा तो दोन सेकंदांचा उशीर मुळात सुरूच या कामानंतर झाला, हे माझ्या डोक्यात फार नंतर आलं.

इथे दोन चुका होत्या. एक गेजची. इंजिन बंद असताना ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ट्रेमध्ये, उतरलेलं असतं, त्यामुळे गेजवर भरपूर दिसतं, चालू केलं की पंप ते ओढून कन्व्हर्टरमध्ये आणि वर पाठवतो आणि खरी लेव्हल खाली जाते. बऱ्याच गाड्यांना पद्धत अशी की पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून लिव्हर सावकाश फिरवून पी मध्ये आणायचा, आणि इंजिन चालू ठेवूनच गेज काढायचं, हॉटच्या खुणेत बघायचं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांचं उलट आहे, गरम करून इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात बघायचं. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल, शेजाऱ्याच्या गाडीचं नाही. काही गाड्यांना गेजच नसतं, त्यांची लेव्हल खालच्या नटमधून ठराविक टेंपरेचरला बघतात, ते घरी करायच्या भानगडीत पडू नका. माझ्या गाडीत नीट बघितलं तर जवळजवळ पाऊण लिटर कमी होतं. पंप हवा ओढत होता, तोच तो सकाळचा उशीर. जास्त झालं तरी वाईट, फिरणाऱ्या गिअरने ऑइल घुसळलं जातं, फेस होतो आणि फेसाचं प्रेशर बनत नाही. ओतताना अर्ध्या लिटरच्या वर एकदम घालू नका, बारीक नरसाळं घ्या आणि गेज पुसायला धागे सुटणारं फडकं वापरू नका, तो धागा वॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला ऑइल इकडेतिकडे वळवणारा भाग) अडकला की महागात पडतो.

दुसरी चूक ऑइलच्या जातीची. लाल दिसतं म्हणून सगळं एक नसतं. टोयोटाचं टी-फोर वेगळं, डब्ल्यूएस वेगळं, ह्युंदाईचं एसपी-थ्री वेगळं आणि एसपी-फोर वेगळं, होंडाच्या जुन्या झेड-वनच्या जागी आता डीडब्ल्यू-वन चालतं कारण कंपनीनेच तसं दिलंय. बाटलीवर डेक्सरॉन-थ्री लिहिलेलं बघून खूश होऊ नका, ते जनरल मोटर्सचं जुनं स्टँडर्ड, कंपनीने त्याचं लायसन्स देणं २००६ च्या शेवटी बंद केलं, त्यामुळे आज त्या नावाने मिळतं ते विकणाऱ्याच्या शब्दावर. आणि सीव्हीटी (गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचं फ्लुइड पूर्ण वेगळं, त्यात साधं एटीएफ, म्हणजे आपलं ऑटोमॅटिकचं ऑइल, घालणं म्हणजे बेल्टची आणि पुलीची वाट लावणं. एएमटीवाल्यांनी हे सगळं वाचायचं कारणच नाही, ती मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, तिचं गिअर ऑइल वेगळं आणि त्या मशीनचं, म्हणजे ॲक्च्युएटरचं, वेगळं. ऑइल मी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून सील बघून, बिल घेऊन आणतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना पार्ट शोधायला जरूर जा, पण ऑइल तिथल्या सुट्या डब्यातून घेऊ नका.

दुसऱ्यांदा मार्च २०२४. यावेळी जोगेश्वरीतले एक जुने मेकॅनिक गाठले, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी ऑइल बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत काढलं आणि तीन बाटल्या कट्ट्यावर ओळीने उभ्या केल्या. नवीन एटीएफ कोकमाच्या आगळासारखं असतं, लाल आणि आरपार दिसणारं. माझं काढ्यासारखं, उजेडात धरलं तरी पलीकडचं दिसेना, आणि वास करपलेला. काका म्हणाले, “वास लक्षात ठेवा. रंग फसवतो, काही ऑइलं लवकर काळी पडतात आणि तरी ठीक असतात. जळका वास फसवत नाही.” मग चेंबर खोलला. तळाला दोन गोल मॅग्नेट, त्यांच्यावर राखाडी लगदा साचलेला, काकांनी तो अंगठ्यावर घेऊन दोन बोटांत चोळला आणि माझ्या बोटावरही लावला, काजळासारखा मऊ. हा चालतो, क्लचच्या आणि स्टीलच्या झिजेचा आहे. बोटाला टोचणारा कण, चकचकीत तुकडा किंवा पितळी चुरा लागला असता तर ऑइलचे पैसे वाचवून गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवायची. फिल्टर बदलला, पॅकिंग नवीन, नटचा वायसर नवीन.

बाकी एक रंग लक्षात ठेवा, सोलकढीचा. ऑइल तसं दुधट गुलाबी दिसलं तर आत पाणी गेलंय. एकतर रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटला किंवा पावसात हिंदमाताला नाहीतर मिलन सबवेत गाडी घातली आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायची नळी) पाणी शिरलं. क्लच प्लेटचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

आता हिशोब, कारण इथे बरेच जण फसतात. माझ्या गिअरबॉक्सात एकूण साधारण साडेसात लिटर, पण नट खोलला की निघतं तीनच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपात. म्हणजे एकदा बदललं तर नवीन ४० टक्के, ६० टक्के जुनंच. दुसऱ्यांदा केलं की ६४ टक्के नवीन, तिसऱ्यांदा ७८. मधे चारपाचशे किलोमीटर चालवायचं म्हणजे मिसळतं. नऊ लिटर लागतात पण मशीनच्या फ्लशपेक्षा मला हे बरं वाटतं, निदान लाखभर किलोमीटर न उघडलेल्या गिअरबॉक्सला तरी. ‘जुन्याला नवीन ऑइल घातलं की गिअरबॉक्स मरतो’ हे सगळीकडे ऐकाल. जो मरतो तो बहुतेक वेळा आधीच घसरत असतो, म्हणूनच तर माणूस ऑइल बदलायला येतो. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही अशी अवस्था असेल तर ऑइलने काही होणार नाही, ते खरंच.

मार्चमध्ये मी एकदाच बदललं, तीन लिटर, आणि वरून एक ॲडिटिव्हची बाटली. काकांची इच्छा नव्हती, मीच आणली होती. ॲडिटिव्हचं माझं मत सांगतो. बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक घर्षण सुधारणारी, म्हणजे ऑइलातली संपलेली द्रव्यं वरून घालणारी, लॉक-अपच्या थरथरीवर ती खरंच चालते, माझी थरथर शंभर किलोमीटरच्या आत गेली. दुसरी सीलवाली, कडक झालेलं रबर फुगवून मऊ करणारी, बारीक गळती असेल आणि गाडी विकायची नसेल, उतरवायलाही पैसे नसतील तर शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण प्रमाण चुकलं तर रबर नको तितकं नरम पडतं आणि नंतर दुसरीकडून गळतं. झिजलेला क्लच जाड करणारी बाटली कुणी बनवलेली नाही. दोन बाटल्या एकत्र तर कधीच नको. बाकी हे घर्षणाचं प्रकरण जुनंच आहे बरं का, पूर्वी अमेरिकेत एटीएफमध्ये यासाठी स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत, सत्तरच्या दशकात त्यावर बंदी आली आणि मग कंपन्यांना प्रयोगशाळेत दुसरं काहीतरी शोधावं लागलं. आपली थरथर एकेकाळी देवमाशाच्या जिवावर थांबायची.

तर मे महिन्यात थरथर परत. दोन महिनेसुद्धा नाही. योग्य ऑइल, योग्य लेव्हल, ॲडिटिव्ह, सगळं करून. एका मोठ्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा, कन्व्हर्टर बदलायचा, असा सव्वा लाखाचा आकडा सांगितला. गाडीची किंमत तेवढी येते की नाही कुणास ठाऊक.

उत्तर बायको दोन महिने सांगत होती. “अहो, सिग्नलला एसी गरम हवा मारतो, गाडी चालली की थंड होतो.” मी म्हणायचो गॅस कमी असेल, पावसाळ्याआधी भरू. काकांना सहज बोलता बोलता सांगितलं तर त्यांनी मान वर केली, बोनेट उघडायला लावलं, एसी चालू करून पुढे वाकले. रेडिएटरपुढे दोन पंखे. एक फिरत होता. दुसरा, कंडेन्सरचा (रेडिएटरपुढची एसीची जाळी), ढिम्म. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर टकटक केली, ती दोन फेरे फिरली आणि परत थांबली. मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजून संपलेले.

आता सगळं जुळतं. माझ्या गाडीत ऑटोमॅटिकचं ऑइल थंड होतं ते रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून. ट्रॅफिकमध्ये रांगताना कन्व्हर्टर सगळ्यात जास्त घसरतो, सगळ्यात जास्त उष्णता तेव्हाच, आणि समोरून वारा शून्य, म्हणजे सगळं पंख्यांवर. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर होता ना, असं तुम्ही म्हणाल. तो मध्यावरच राहतो. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा बसवतात की मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, उगाच लोक घाबरू नयेत म्हणून. मी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावला, त्यात गिअरबॉक्सच्या ऑइलचं टेंपरेचर दिसतं (सगळ्या गाड्यांत दिसत नाही), तर हायवेवर ८५, आणि सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर चाळीस मिनिटं अडकल्यावर ११४. ढोबळ हिशोब असा की ८० च्या वर दर दहा-अकरा डिग्रीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. मी तीन लिटर नवीन ऑइल ओतून ते रोज संध्याकाळी तळत होतो.

पंख्याची मोटर बदलली, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधला कचरा काढला, त्यात पिंपळाची पानं, पिसं आणि एक आख्खं चॉकलेटचं रॅपर निघालं. त्याच लिंक रोडवर पुन्हा अडकलो तेव्हा ९६ च्या वर गेला नाही. मग जूनपासून ऑगस्टपर्यंत तीनदा तीन-तीन लिटर, ॲडिटिव्ह शून्य. दुसऱ्यांदा बदलल्यावरच थरथर गेली, आणि तिसऱ्यांदा निघालेलं ऑइल बाटलीत बऱ्यापैकी लाल होतं. बॅटरी काढून लावली म्हणजे कंप्युटरने शिकून ठेवलेलं जुनं विसरतो, त्यानंतर दोन दिवस गिअर जरा वेडेवाकडे पडले, मग सुतासारखे. गणपतीला कोकणात चार माणसं आणि डिकी भरून जाऊन आलो, चढाला ओडी ऑफ आणि उताराला दोनमध्ये, म्हणजे गिअर सारखे वरखाली होत नाहीत आणि ब्रेकही तापत नाहीत.

सिग्नलला न्यूट्रल करायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. दोन-तीन मिनिटांचा सिग्नल असेल तर करतो, हँडब्रेक ओढून. दहा-दहा सेकंदांच्या थांब्याला नाही, तेवढ्यांदा क्लच धरायला आणि सोडायला लावण्यात काही अर्थ नाही.

घरी करणाऱ्यांनी नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. ऑइल कोमट असताना काढा, ८० डिग्रीला मनगटावर आलं तर फोड येतो, माझ्या हातावर डाग आहे. खोलण्याआधी नट कुठला ते दोनदा बघा, इंजिन ऑइलचा नट समजून गिअरबॉक्सचा खोलल्याची प्रकरणं रोजची आहेत, मग इंजिनात डबल ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. आणि आधी भरायचा नट किंवा गेजची जागा सुटते का ते पाहा, मगच खालचा खोला. जुनं ऑइल गटारात नाही, काकांकडे ड्रम आहे, रिसायकलवाला घेऊन जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा थेंब पडले होते तर सेक्रेटरींनी मला पुठ्ठा, भुसा आणि केरसुणी तिन्ही आणून दिलं, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले.

सध्या मीटर १,१६,००० ला आहे. थरथर नाही, सकाळचा उशीर नाही. उजव्या ॲक्सलच्या ऑइल सीलपाशी जरा ओलं दिसतंय, महिन्याला गेजवर केसभर फरक पडतो. सीलची बाटली कपाटात पडून आहे, पण काका म्हणतात सील आणून द्या, अर्ध्या दिवसात बदलून देतो, तर पुढच्या शनिवारी ऑपेरा हाउसला चक्कर मारतो.